जिवनबाईची हवेली

ज्या दिवशी देवला ढाडीचा निवाडा व्हायचा होता, त्या दिवशी सकाळी पारुबाई नातीला रडायला शिकवत होती.

बेबीबाईचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तांड्यातली नवरी नुसती डोळे पुसत सासरी जात नाही, ती गाऊन रडते. एकेकाच्या गळ्यात पडून गायचा तो ढावलो, आणि अगदी शेवटी, सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं राहून, दोन्ही हात वर करून गायची ती हवेली. जिला हे जमत नाही तिच्या माहेराला बायका वर्षभर बोल लावतात. बेबीचा गळा चांगला होता, पण तिला रडू येत नव्हतं. नवरा मनासारखा मिळालेला, हीच मोठी अडचण होती.

"पोटातून काढ," पारुबाई म्हणाली. "तू तर बाजाराला निघाल्यावानी गाऊन राहिलीस."

"अडलं तर देवलाकाका सांगतील की ओळ."

"आज नसाब बसणार हाय त्याच्यावर. आधी ते होऊ दे."

 नसाब म्हणजे बारा तांड्यांची पंचायत, आणि ती देवलावर बसेल असं दोन महिन्यांपूर्वी कोणी म्हटलं असतं तर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. वारंग्यापासून हट्ट्यापर्यंत तांड्यातलं एकही लग्न देवलाच्या सारंगीशिवाय लागत नव्हतं. ढाडी म्हणजे वंश गाणारा, आणि बारा तांड्यांचे वंश सात पिढ्यांपर्यंत त्याच्या जिभेवर. एकदा कानावर पडलेली ओळ तो विसरत नसे. हवेलीच्या वेळी तो बैलाच्या खांद्याशी उभा राहायचा, आणि नवरी अडखळली की पुढचे शब्द इतके हळू पुरवायचा की ती स्वतःच गातेय असं वाटावं. गेल्या साली तो हैदराबादच्या रेडिओवर गाऊन आला, तेव्हा हिंगोलीच्या मोंढ्यात आडत्यांनी कामं थांबवली होती.

आणि मग हट्ट्याकडच्या तांड्यातली रूपाबाई बोलली. दिराच्या लग्नात शेळ्यांच्या गोठ्यात देवलानं आपल्यावर हात टाकला, असं तिनं नवऱ्याला सांगितलं, आणि नवरा असा निघाला की त्यानं ते चार माणसांत मांडलं. तेव्हापासून मोंढ्यात, वारंग्याच्या तिठ्यावर, पाण्यावर, चुलीपुढे दुसरा विषय नव्हता.

"पुन्हा म्हण," पारुबाई म्हणाली. बेबीनं हात वर केले आणि घरच्या हवेलीची ओळ धरली. ही हवेली पारुबाईच्या लेकीची, जिवनबाईची. वीस वर्षांमागे तिनं ती रचून गायली तेव्हा सातशे माणूस रडलं होतं, आणि बापानं, गुलाबसिंग नाईकानं, खूश होऊन लेकीला एक दुभती गाय जास्तीची दिली होती. तेव्हापासून बारा तांड्यांतल्या नवऱ्या तीच गात आल्या. शिकवायला सगळ्या पारुबाईकडेच येत.

"वाऱ्यानं माझा हात धरला, बापू, तू कवाड उघडं ठेवलंस..."

"वारा कुठून आला, याडी?"

दारात जिवनबाई उभी होती. पायावर धूळ, खांद्यावर गाठोडं. चार वर्षांनी ती माहेरी आली होती, आणि त्याआधीही अशीच चार-पाच वर्षांनी. लेक गर्विष्ठ झाली, मोठ्या घरी पडली म्हणून आईला विसरली, असं पारुबाई शेजारणींना सांगत आली होती. आता ती उठली, लेकीच्या गालांवरून हात फिरवू लागली, पण जिवननं तिचं मनगट धरून थांबवलं. "वारा कुठून आला, विचारलं म्या. तिथं नाव व्हतं."

"नवरी त्या दिवशी साऱ्यांनाच बोलती," पारुबाई म्हणाली. "भावाला बोलती, चुलतीला बोलती, बैलालाबी बोलती. ते कोन्ही धरून बसत न्हाई. ढावल्यातलं बोलणं ढावल्यात ऱ्हातं. तुला ठाऊक हाय."

"म्हणून काढलं?"

"दुसऱ्याच्या पोरीनं त्याचं नाव काहून घ्यावं? तो म्होरं सारंगी घेऊन उभा असतो. बरं दिसंल का ते?"

 बेबी एकदा आजीकडे, एकदा आत्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आत्या, कोणाचं नाव व्हतं?" कोणी सांगितलं नाही, पण पोरगी खुळी नव्हती. तिचे वर केलेले हात आपोआप खाली आले.

*

बेबीचा बाप, अमरसिंग नाईक, बाहेर चिंचेखाली घोंगड्या अंथरून घेत होता. नसाब त्याच्या तांड्यात, म्हणजे बारा नाईकांचं पाणी-पान त्याच्याकडे. खाजा मिया दोन दिवसांपासून मुक्कामाला होता. लग्नाच्या फेटिया-कांचळ्यांना, म्हणजे घागरे-चोळ्यांना, लागणारे आरसे आणि कवड्या तोच हिंगोलीहून आणायचा, आणि त्यांच्याबरोबर मोंढ्यातल्या सगळ्या बातम्या फुकट.

"नाईक, पूछो मत," तो म्हणाला. "आधा मोंढा म्हणतो, असा गळा देणारा देव असल्या माणसाला गळा देईलच कसा. आधा म्हणतो, गळ्याचा आन हाताचा काय संबंध. तेल्याच्या दुकानात तर दोघं भाऊ बोलत न्हाईत आता."

"तुमी काय म्हणता?"

"मी तर त्याचं गाणं ऐकून रडलेला माणूस. मला वाटायचं, बाई झूट बोलती. पण आमची बीबी शहनाज म्हणाली, झूट बोलून उसको मिला क्या? हाच सवाल माझ्या डोक्यात बसला. जवाब न्हाई बराबर मिळत."

अमरसिंगला हा सवाल नको होता. बेबीचं सासर देवलाला देव मानत होतं. त्यांच्या वंशाचं गाणं तो हैदराबादला गाऊन आला होता. शिवाय नसाबचा कायदा जुना होता: एकीचं बोलणं म्हणजे भांडण, दोघींचं बोलणं म्हणजे साक्ष. रूपाबाईला दुसरी साक्ष नव्हती. आज ती खोटी ठरली की तिच्या घराचा विस्तव-पाणी बंद, आणि आठ दिवसांनी देवला बैलाशेजारी उभा. वाईट वाटत होतं त्याला, पण हिशेब सोपा होता.

तेवढ्यात बहीण समोर येऊन उभी राहिली.

"बाई," तो हसून म्हणाला, "लग्नाच्या आधी आठ दिवस? पहिल्यांदाच."

"लग्नालाबी आली. आधी नसाबला आली." ती घोंगडीच्या कडेवर बसली. "दुसरी साक्ष माझी."

खाजा मियानं आरशांची पिशवी उचलली आणि घोड्याला पाणी दाखवायच्या निमित्तानं तो निघून गेला. शहाणा माणूस होता.

जिवनबाईनं भावाला सगळं दहा-बारा वाक्यांत सांगितलं. तिच्या लग्नाला पंधरा दिवस होते. देवला तेव्हा या तांड्याला नवा होता, पहिल्यांदाच आलेला. दिवसभर त्यानं गाऊन सगळ्यांना वेडं केलं, आणि बापानं त्याला पाहुणा म्हणून घरातच जागा दिली. दुसऱ्या दिवशी सगळे पाण्यावर गेले होते, ती एकटी घरी होती. "पुढचं इचारू नको," ती म्हणाली. "पुढचं म्या गायलं हाय."

"कवा?"

"तू बैलाचं दावं धरून उभा व्हतास."

अमरसिंगला तो बैल आठवला. तो तेव्हा पंधरा वर्षांचा, आणि त्याची सगळी नजर बैलाच्या पायांवर होती, कारण तो बुजला असता तर बहीण पडली असती. वर ती काय गात होती याचा एक शब्दही त्याच्या कानात शिरला नव्हता. लोक रडत होते म्हणून तोही रडला होता. हे त्याला आता आठवलं.

"बाई, बेबीचं सासर..."

"मोडंल कदाचित," ती म्हणाली. "तूच सांग, न्हाई मोडलं तर तो तिच्या बैलाशेजारी उभा ऱ्हाईल. चालंल तुला?"

नसाबमध्ये बाई स्वतः बोलत नाही. तिचं म्हणणं घरच्या पुरुषानं मांडायचं. म्हणजे ती परवानगी मागायला नव्हे, जीभ मागायला आली होती. अमरसिंगनं घोंगडीच्या सुरकुत्या काढल्या. मग म्हणाला, "तू जे सांगशील, तेवढंच बोलीन. एक अक्षर कमी न्हाई, एक जास्त न्हाई."

*

दुपार कलताना नसाब भरली. सेवाभायाचा पांढरा झेंडा मधोमध, बारा नाईक गोलात, मागे पुरुष, आणि त्यांच्या मागे, चिंचेपलीकडे, बायका. रूपाबाई नवऱ्याच्या पाठीशी घुंगट घेऊन बसली होती. वय असेल पंचवीसचं.

देवला आला तेव्हा लोक उठून उभे राहिले. उठायचं नाही असं घरून ठरवून आलेलेही उठले. माणूस पन्नाशीचा, केस पांढरे, पण चाल अशी की वाट आपणहून बाजूला होते. आणि नसाबची रीत अशी, की ढाडीनं वंश गायल्याशिवाय ती सुरू होत नाही. दुसरा ढाडी नव्हता. तेव्हा आपल्या निवाड्याची नांदी देवलालाच गावी लागली.

त्यानं गजाला राळ घासली, सारंगी छातीशी लावली आणि गायला लागला. पहिल्या सुरालाच पोरं रडायची थांबली. एकेका तांड्याचा मूळ पुरुष त्यानं नावानं हाक मारून उठवला, त्याचे बैल मोजले, त्यानं ओलांडलेल्या नद्या सांगितल्या, कुठं मिठाची गोणी भिजली तेही सांगितलं. ऐकणाऱ्यांना वाटावं की ते मेलेले लोक आत्ता चिंचेच्या सावलीत येऊन बसतायत. जिवनबाईच्या अंगावर काटा आला. तिला स्वतःची चीड आली, पण काटा खराच होता. हा माणूस गातो तेव्हा देवाचा असतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

गाणं संपलं. सगळ्यांत थोरले नाईक धर्मसिंग काठीवर हनुवटी टेकून बसले होते, त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आता ज्यासाठी बसलो ते."

रूपाबाईच्या नवऱ्यानं बायकोचं म्हणणं मांडलं. देवलानं शांतपणे ऐकलं. "लेकीवानी हाय मला ती," तो म्हणाला. "भ्रम झाला असंल. म्या राग धरत न्हाई." तो इतका थोरपणे बोलला की दोघा-तिघा नाईकांनी माना डोलावल्या.

मग अमरसिंग उठला. त्यानं बहिणीचं म्हणणं मांडलं, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. बोलताना त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. बेबीचा होणारा सासरा पुढच्या रांगेत बसला होता, त्याचा चेहरा कसकसा होत गेला ते सगळ्यांनी पाहिलं.

"वीस वर्सं," धर्मसिंग म्हणाले. "वीस वर्सं ती काहून गप्प बसली?"

"ती म्हणती, गप्प न्हाई बसली. हवेलीत नाव घेऊन गायली. तुमीबी व्हता, नाईक."

चिंचेखाली कुजबुज झाली. धर्मसिंग आठवू लागले. "गायली व्हती खरी. तशी हवेली पुन्हा झाली न्हाई. पर नाव?" ते देवलाकडे वळले. "तू बैलापाशी व्हतास. तुला काही ध्यानात हाय?"

"नाईक, सालाला साठ लग्नं करतो," देवला म्हणाला. "कोण्या नवरीनं कोणाला शिव्या दिल्या, ते ध्यानात ठेवलं तर वंश कुठं ठेवू?" लोक हसले. त्यालाही थोडं हसू आलं. "आन ती हवेली तर बारा तांडे गातात. सुनांना इचारा. तिच्यात वारा हाय. 'वाऱ्यानं माझा हात धरला.' नाव कुठं हाय?"

खरंच नव्हतं. पुरुषांनी आपापल्या लेकी-सुना आठवून पाहिल्या. सगळ्या वाराच गात होत्या. धर्मसिंगांनी खेदानं मान हलवली आणि काठी उचलली. काठी जमिनीवर आपटली की निवाडा झाला. रूपाबाईच्या नवऱ्यानं हात मागे नेऊन बायकोचा हात धरला.

पारुबाई बायकांच्या गर्दीत बसली होती. आपल्याला तेव्हा कळलं होतं की नव्हतं, हे तिनं स्वतःला वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आज सकाळपासून ती तेच विचारत होती, आणि उत्तर एकच येत होतं. कळलं होतं. पोर बैलावरून उतरली तेव्हाच तिच्या डोळ्यांत बघून कळलं होतं. पण लग्न लागलं होतं, गाय दिली होती, सातशे माणसं जेवायला बसली होती. मग पुढच्या नवरीला शिकवताना तिनं त्या जागी वारा घातला, आणि वारा घातल्यावर पुढची ओळ बसेना, म्हणून ती ओळच काढून टाकली. इतकं सोपं होतं ते. लेकीच्या तोंडातला घास काढावा तसं तिनं लेकीचं खरं काढून घेतलं होतं, आणि वर तिला गर्विष्ठ म्हणत आली होती.

तिनं शेजारी बसलेल्या जिवनकडे पाहिलं. "तू गा," ती पुटपुटली. "आत्ता गा, नावानिशी."

"म्या एकदा गायली, याडी," जिवन म्हणाली. "आता तुझी पाळी."

पारुबाई उठली. साठीच्या वर गेलेली बाई, गुडघे धरून उठली आणि पुरुषांच्या रांगांमधून थेट झेंड्यापाशी आली. कोणीतरी म्हणालं, बाईनं नसाबमध्ये बोलायचं नसतं.

"बोलत न्हाई," ती म्हणाली. "गाते. गायला मनाई हाय का, नाईक?"

धर्मसिंगांची काठी वरच राहिली. अशी मनाई कोणी केल्याचं त्यांना आठवेना.

पारुबाईनं दोन्ही हात वर केले. बैल नव्हता, दागिने नव्हते. आवाज चिरका झाला होता. पण हवेलीचा सूर लागला आणि मागच्या सगळ्या बायका ताठ बसल्या, कारण त्यातल्या अर्ध्याअधिक त्याच सुरावर सासरी गेल्या होत्या.

"गाईला दावं बांधलंस, बापू, मला मोकळं सोडलंस.
देवलानं माझा हात धरला, बापू, तू कवाड उघडं ठेवलंस."

नाव पडलं. पारुबाईनं नाव पुन्हा घेतलं. मग पुढच्या ओळीकडे वळली, जी तिनंच काढून टाकली होती, जी वीस वर्षांत कोणाच्या तोंडी आली नव्हती.

"ओरडू गेले तर तोंडावर तळवा, बापू..."

आणि ती अडली. पुढचे शब्द येईनात. तिनं ओळ पुन्हा घेतली, "तोंडावर तळवा, बापू," आणि पुन्हा तिथंच थांबली. इतकी वर्षं पुरून ठेवलेलं तिला सापडत नव्हतं. हात वर धरलेले होते, सूर लटकून राहिला होता, आणि तो तसा लटकलेला ऐकणं कोणालाही सोसेना.

सर्वांत कमी सोसलं ते देवलाला. तीस वर्षं त्यानं अडलेल्या सुराला शब्द पुरवले होते. दुसरं काही करायला त्याचा देह शिकलाच नव्हता. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते, मान सुराकडे झुकलेली, आणि त्यानं हळूच, अगदी बरोबर पट्टीत, पुढचे शब्द दिले.

"तळव्याला राळेचा वास."

पारुबाईनं ते शब्द घेतले आणि ओळ पुरी केली. मग तिचे हात खाली आले.

 देवलानं डोळे उघडले. त्याच्या उजव्या हातात गज होता आणि बोटांना मघाची राळ लागलेली होती. त्यानं हात मांडीखाली घ्यायला पाहिलं, पण बारा तांड्यांचे डोळे त्या हातावर होते. आपण काय केलं ते त्याला सर्वांत शेवटी कळलं.

"देवला," धर्मसिंग फार हळू म्हणाले, "ही ओळ कोन्ही गात न्हाई. मला आठवत न्हाई. आईलासुद्धा आठवली न्हाई."

देवलानं नाकारलं नाही. त्याची नजर माणसांच्या डोक्यांवरून जिवनबाईकडे गेली. माफी मागायची होती की काय कोण जाणे, पण त्याच्या तोंडून आलं ते वेगळंच. "तसा गळा म्या पुन्हा ऐकला न्हाई," तो म्हणाला. आणि ते खरं होतं हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं. काहींनी कानांवर हात ठेवले.

काठी आपटली. धर्मसिंगांनी निवाडा दिला, की बारा तांड्यांत कोणत्याही दारी ही सारंगी आता वाजणार नाही, आणि रूपाबाईच्या हातचं पाणी आज संध्याकाळी सर्व नाईक पितील. देवला सारंगी उचलून उठला. या वेळी कोणी उभं राहिलं नाही. तो चिंचेच्या सावलीतून बाहेर पडला, वारंग्याच्या वाटेला लागला, आणि सात पिढ्यांचे सगळे बाप, आजे, त्यांचे बैल, त्यांच्या नद्या त्याच्याबरोबर निघून गेल्या. ते दुसऱ्या कोणाला पाठ नव्हते. म्हातारे नाईक त्याच्या पाठीकडे बघत रडत होते, आणि तरी एकानंही त्याला हाक मारली नाही. तांड्यानं एवढी मोठी गोष्ट यापूर्वी कधी सोडली नव्हती.

बेबीचा सासरा उठला, अमरसिंगपाशी आला आणि खाली बघत म्हणाला, "लग्न ठरल्या दिवशीच. सारंगी नको."  अमरसिंगनं त्याचे हात धरले.

पारुबाई झेंड्यापाशीच बसून राहिली होती. जिवनबाई तिच्याजवळ येऊन बसली. म्हातारीनं विचारलं, "लेकी, सातशे माणूस रडलं व्हतं. तुझा बाप व्हता. म्या तर ऐकून पुरलं. त्यांनी काय ऐकलं मग?"

"गळा ऐकला," जिवन म्हणाली. दूर वाटेवर पांढरे केस अजून दिसत होते, ती तिकडे बघत होती. "शब्द एकट्यानंच ध्यानात ठेवले व्हते, याडी. त्यानं."